शिक्षक-प्रशिक्षण आणि शिक्षक-मूल्यमापन : महाराष्ट्रातील व्यवस्थेची चिकित्सा

प्रस्तावना

शाश्वत विकासाच्या चौथ्या उद्दिष्टात विकसनशील देशांतील पात्र शिक्षकांची संख्या 2030 पर्यंत भरीव प्रमाणात वाढविण्याचे लक्ष्य समाविष्ट आहे. परंतु पात्रता कशाने ठरावी? पदविकेने, परीक्षेने की प्रत्यक्ष अध्यापनाने? महाराष्ट्राने गेल्या 4 दशकांत ही तिन्ही उत्तरे दिली. मात्र ती परस्परांशी जोडली नाहीत. या तुटलेल्या दुव्याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

कोन : व्यवस्थेची कसोटी

ठाणे जिल्ह्यातील कोन हे भिवंडी तालुक्यातील, कल्याणच्या खाडीपलीकडचे गाव. एका अंगास यंत्रमाग व गोदामांची भिवंडी, तर दुसऱ्या अंगास कल्याणचे रेल्वे जंक्शन. आगरी बोली आणि रोजगारासाठी आलेल्या कुटुंबांच्या हिंदी, उर्दू वा भोजपुरी भाषा या पट्ट्यात एकत्र नांदतात. घरची भाषा आणि शाळेची भाषा भिन्न असलेल्या मुलास वाचन कसे शिकवावे, हा अशा परिसरातील शिक्षकाचा नित्याचा प्रश्न होय. प्रशिक्षणाने या प्रश्नास साहाय्य केले पाहिजे आणि मूल्यमापनाने तो कितपत सुटला हे पाहिले पाहिजे. कोणत्याही योजनेची खरी कसोटी हीच.

प्रशिक्षणाची वाटचाल

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. 1993 च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेस वैधानिक स्थान मिळाले. तरीही सेवापूर्व प्रशिक्षणाच्या दर्जावर नियंत्रण राहिले नाही. महाराष्ट्रातील 291 अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. आयोगाच्या 2012 च्या अहवालामुळे अध्यापक शिक्षणातील दुरवस्था देशासमोर आली.

सेवांतर्गत प्रशिक्षणासाठी 1994 मध्ये राज्यात केंद्रशाळा योजना सुरू झाली व 4,860 केंद्रे निर्माण करण्यात आली. केंद्रप्रमुखाने शाळेत जावे, पाठ पाहावा, शिक्षकाशी चर्चा करावी, ही मूळ कल्पना अत्यंत योग्य होती. प्रत्यक्षात माहिती गोळा करणे, तक्ते भरणे आणि वरिष्ठ कार्यालयाच्या पत्रांना उत्तरे देणे यांतच या पदाची शक्ती खर्ची पडत गेली. 2019 मध्ये आरंभ झालेल्या 'निष्ठा' कार्यक्रमाने व्याप्ती वाढविली. परंतु राज्य, जिल्हा, तालुका असे खाली झिरपत येणारे प्रशिक्षण प्रत्येक पायरीवर विरळ होत जाते. 2020 च्या धोरणाने शिक्षकास वर्षाला किमान 50 तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. तास मोजता येतात. त्या तासांनी वर्गात काय बदलले, हे मोजणारी यंत्रणा मात्र दुर्बळ आहे.

मूल्यमापनाचे स्वरूप

2010 च्या अधिसूचनेने शिक्षक पात्रता परीक्षा अनिवार्य झाली व महाराष्ट्रात ती 2013 मध्ये प्रथम घेण्यात आली. 150 बहुपर्यायी प्रश्नांतून विषयज्ञान अजमावता येते. अडखळणाऱ्या मुलाजवळ बसण्याचे कौशल्य त्यातून दिसत नाही. 2021 च्या डिसेंबरमध्ये या परीक्षेतील गैरव्यवहार उघडकीस आला आणि पुढील वर्षी 7,800 हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. एकाच परीक्षेवर सर्व भिस्त ठेवली की त्या परीक्षेचा बाजार होण्याचा धोका किती वाढतो, हे यातून स्पष्ट झाले.

1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेची 5 वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या शिक्षकांनाही 2 वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरविले. किमान पात्रतेचा आग्रह रास्त आहे. तथापि 20 वर्षे शिकविलेल्या शिक्षकाचे वर्गातील काम न पाहता केवळ उत्तरपत्रिका पाहणे, हे मूल्यमापन अपुरेच म्हणावे लागेल.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. शिक्षकांना 12 वर्षांनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी व 24 वर्षांनंतर निवडश्रेणी मिळते. 2017 च्या शासन निर्णयाने हा लाभ शाळेच्या श्रेणीशी जोडला. 'शाळासिद्धी'चा पाया स्वयंमूल्यमापनाचा. स्वतःचे दोष प्रामाणिकपणे नोंदविणाऱ्याचे वेतनच अडणार असेल, तर दोष नोंदविणार कोण? पुढे ही अट मागे घेण्यात आली. परंतु तिने दिलेला धडा विसरता कामा नये.

अन्य देशांचा अनुभव

मेक्सिकोने 2013 मध्ये मूल्यमापन थेट नोकरीच्या शाश्वतीशी जोडले. शिक्षकांच्या तीव्र विरोधानंतर 2019 मध्ये ती तरतूद रद्द झाली. चिलीने 2003 मध्ये शिक्षक-संघटनेशी वाटाघाटी करून वेगळी पद्धत स्वीकारली. शिक्षकाच्या कामाची संचिका, चित्रमुद्रित पाठ, सहकारी शिक्षकाने घेतलेली मुलाखत आणि स्वयंमूल्यमापन ही तिची अंगे होती. कमी श्रेणी मिळालेल्यांसाठी सुधारणेचे कार्यक्रम त्याच व्यवस्थेत अंतर्भूत होते. वारंवार असमाधानकारक ठरणाऱ्यांवर कारवाईची तरतूदही होती; पण सुधारणेची संधी तिच्या आधी येत होती.

परिणामांची भीती नसेल तर मूल्यमापन उपचारापुरते उरेल, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. परंतु भीतीने मिळते ती सजविलेली माहिती, आणि अशा माहितीवर आखलेले प्रशिक्षण चुकीच्याच दुखण्यावर औषध देते. म्हणून उत्तरदायित्वाचा निर्णय आणि सुधारणेसाठीचे निरीक्षण या दोन प्रक्रिया वेगळ्या ठेवणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

पहिली गोष्ट, केंद्रप्रमुखास कारकुनी कामातून मुक्त करून पाठनिरीक्षण हेच त्याचे मुख्य कर्तव्य मानावे. दुसरी, या निरीक्षणाच्या नोंदी वेतन अथवा शिस्तभंगाच्या कारवाईसाठी वापरू नयेत; त्या जिल्हा प्रशिक्षण संस्थेकडे जाव्यात आणि पुढील वर्षाचे प्रशिक्षण त्यांवरून आखले जावे. तिसरी, पात्रता परीक्षा सेवाप्रवेशाचे दार म्हणून राहावी. सेवेतील शिक्षकाबाबत तिच्या जोडीस वर्गातील कामाचा पुरावा विचारात घेतला जावा. कोनच्या शाळेतील भाषेची अडचण प्रशिक्षण संस्थेच्या अभ्यासक्रमापर्यंत पोहोचेल आणि तेथील उपाय पुन्हा त्याच वर्गात परतेल, तेव्हाच प्रशिक्षण व मूल्यमापन यांना एक व्यवस्था म्हणता येईल.