पंधरा मिनिटांत पन्नास वर्षे

५ फेब्रुवारी २०२३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ६५वा ग्रॅमी सोहळा झाला. त्यात हिप-हॉपच्या पन्नाशीनिमित्त सुमारे पंधरा मिनिटांचा एक सलग कार्यक्रम सादर झाला. ‘द रूट्स’ या वृंदाचा ड्रमवादक क्वेस्टलव्ह याने तो बांधला होता. ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या जुन्या सोबत्यांनी सुरुवात केली. मग रन-डीएमसी, एलएल कूल जे, सॉल्ट-एन-पेपा, रकीम, पब्लिक एनिमी, डे ला सोल, स्कारफेस, आइस-टी, क्वीन लतीफा, बस्टा ऱ्हाइम्स, मिसी एलियट अशी रांग लागली आणि लिल उझी व्हर्ट या तरुण रॅपरने शेवट केला. एरवी एकमेकांपासून दशके आणि शहरे दूर असलेली ही मंडळी एका मंचावर आली, एवढ्यावरच अनेकजण भारावून गेले. दुसऱ्या बाजूने तक्रारींचीही उणीव नव्हती: अमका का नाही, तमक्याला दोनच ओळी का, आणि ज्या संस्थेने या संगीताला इतकी वर्षे दाराबाहेर ठेवले तिने आता यजमानपण का मिरवावे?

यातली नावांची तक्रार सर्वांत बोलकी असली तरी सर्वांत वरवरची आहे. पंधरा मिनिटांत कोणी ना कोणी वगळला जाणारच. खरा प्रश्न पुढचा आहे. दूरचित्रवाणी हिप-हॉपच्या आद्य कलावंतांचा गौरव करते तेव्हा ती नेमके काय आठवते? उत्तर असे, की ती खपलेल्या तबकड्या आठवते. ही कला मात्र तबकडी काढणाऱ्यांनी नव्हे, तर दुसऱ्यांच्या तबकड्या वाजवणाऱ्यांनी घडवली.

हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख धरली जाते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांसाठी पैसे उभे करायला पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. संगीताची बाजू तिच्या भावाकडे, क्लाइव्हकडे होती. जमैकाहून आलेला हाच कूल हर्क. नाचणारे गाण्यातल्या एका विशिष्ट जागेची वाट बघतात, हे त्याने हेरले होते: जिथे गाणारा थांबतो, बाकीची वाद्ये बाजूला होतात आणि फक्त ताल उरतो. या जागेला ‘ब्रेक’ म्हणतात. ती काही सेकंदांत संपते. हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर ठेवून ती लांबवत नेली. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवर तोच पुन्हा. ग्रँडमास्टर फ्लॅशने या अंदाजपंचे कामाला शिस्त लावली. तबकडीवर मेणखडूने खुणा करून, ती किती वेढे उलटी फिरवली की ब्रेकचा आरंभ बरोबर सुईखाली येतो, याचा हिशेब त्याने बसवला. ग्रँड विझर्ड थिओडोरने तबकडी हाताने पुढेमागे घासून निघणारा ‘स्क्रॅच’ हा आवाजच वाद्यासारखा वापरला. माइकवर बोलणारा, म्हणजे एमसी, या काळात डीजेचा साथीदार होता. जाहिरातीच्या पत्रकांवर डीजेचे नाव मोठ्या अक्षरांत असे आणि एमसींची नावे त्याखाली.

हा क्रम उलटला तो पहिल्या मोठ्या तबकडीनेच. १९७९ साली सिल्व्हिया रॉबिन्सनच्या शुगर हिल रेकॉर्ड्सने ‘रॅपर्स डिलाइट’ काढले. त्यात डीजे नाही. ‘शीक’ या वृंदाच्या ‘गुड टाइम्स’ची चाल स्टुडिओतल्या वादकांनी वाजवली आहे. गाणारे तिघे ब्राँक्सच्या पार्ट्यांत नावाजलेले नव्हते. त्यांतल्या बिग बँक हँकने ग्रँडमास्टर कॅझ या खऱ्या ब्राँक्सच्या एमसीच्या वहीतले शब्द घेतले आणि इतक्या बिनदिक्कत घेतले, की कॅझने स्वतःच्या नावाची अक्षरे सुटी करून रचलेली ओळही तशीच ठेवली. गाणे जगभर गाजले. कॅझला ना श्रेय मिळाले ना पैसा. पुढे २००४ मध्ये व्हीएच१ वाहिनीने ‘हिप हॉप ऑनर्स’ हा वार्षिक गौरवसोहळा सुरू केला, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत शुगरहिल गँग होती. गौरव अगदीच अस्थानी होता असे नाही. त्या तबकडीवाचून रॅप ब्राँक्सबाहेर इतक्या लवकर पोचला नसता. पण असा सोहळा पाहून या गाण्याला उगम समजणाऱ्या प्रेक्षकाला, आपण चोरीचा माल ऐकतो आहोत याचा पत्ताही लागत नाही.

१९८२च्या ‘द मेसेज’ची गोष्ट त्याहून चमत्कारिक आहे. गाणे ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हच्या नावावर निघाले, परंतु त्यात फ्लॅशचे वादन नाही. आवाज मेली मेल आणि ड्यूक बूटी यांचे. फ्लॅशची कला ऐकायची तर १९८१ची ‘द अॅडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील’ ही सुमारे सात मिनिटांची तबकडी लावावी लागते. तीन टर्नटेबलांवर त्याने ती सलग वाजवली आहे. ग्रॅमीच्या मंचावर फ्लॅश आला तो ‘द मेसेज’सकट. यात चूक कोणाचीच नाही. लोकांना ओळखीचे गाणे तेच आहे, आणि ती सात मिनिटे वाजवायची तर कार्यक्रमाचा निम्मा वेळ गेला असता. अडचण नेमकी इथेच आहे.

कारण अशा कार्यक्रमाची बांधणी हर्कच्या युक्तीच्या नेमकी उलट असते. त्याने गाण्यातला सर्वांत जिवंत तुकडा पकडला आणि तो संपू दिला नाही. गाण्यांची मालिकाही सर्वांत ओळखीचा तुकडाच पकडते, पण लोकांनी टाळी देताच तो सोडून पुढे जाते. एकात ऐकणारा तालात खोल उतरतो, दुसऱ्यात तो फक्त ओळखतो. म्हणून या पंधरा मिनिटांत सर्वांत कमी नुकसान झाले ते बस्टा ऱ्हाइम्सचे. त्याची अचाट वेगाची शब्दफेक अर्ध्या मिनिटातही पुरती कळते, आणि बहुतेकांनी तिचेच कौतुक केले. रकीमसारख्याचे तसे नाही. त्याचा मोठेपणा यमके ओळीच्या पोटात लपवण्यात, वाक्य तालाच्या खांबावरून पलीकडे नेऊन सावकाश उतरवण्यात आहे. ते उमगायला दोन कडवी तरी लागतात. तेवढी उसंत त्याला मिळाली नाही.

दूरचित्रवाणीचे या कलेशी नाते सुरुवातीपासून असेच तुटक राहिले आहे. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’वर फंकी फोर प्लस वन हा गट आला, अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहिनीवरचा रॅपचा पहिला प्रयोग म्हणून तो सांगितला जातो. त्या रात्रीची पाहुणी, ब्लाँडी वृंदाची गायिका डेबी हॅरी, हिच्या आग्रहामुळे ते घडले. गटातली ‘प्लस वन’ म्हणजे शा-रॉक, पहिल्या नामवंत स्त्री-एमसींपैकी एक. १९८४ मध्ये ‘ग्राफिटी रॉक’ नावाचा कार्यक्रम निघाला आणि एका भागात आटोपला. एमटीव्हीने ‘यो! एमटीव्ही रॅप्स’ सुरू केला तो १९८८ साली, म्हणजे हर्कच्या पार्टीनंतर पंधरा वर्षांनी.

१९८९ साली ग्रॅमीने रॅपसाठी पहिल्यांदा पुरस्कार ठेवला, पण तो देण्याचा क्षण प्रक्षेपणातून वगळला. विजेते डीजे जॅझी जेफ अँड द फ्रेश प्रिन्स आणि नामांकनांतले सॉल्ट-एन-पेपा, एलएल कूल जे यांनी सोहळ्यावर बहिष्कार टाकला. वर्षाचा सर्वोत्तम अल्बम हा ग्रॅमीचा सर्वोच्च मान पुढे लॉरिन हिलला १९९९ मध्ये आणि आउटकास्टला २००४ मध्ये मिळाला. २०२३ पर्यंत हिप-हॉपच्या खात्यावर एवढेच जमा होते. हा इतिहास पाहता २०२३च्या गौरवाला प्रायश्चित्ताचा वास येतो, असे म्हणणाऱ्यांचे अगदी चुकते असे नाही. बहिष्कार टाकणाऱ्यांपैकी एलएल कूल जे आणि सॉल्ट-एन-पेपा आता मानाने मंचावर होते. शाल-श्रीफळ देणाऱ्याने आधीची उधारी चुकती केली आहे की नाही, हे सत्कारमूर्तीने विचारायचे नसते, तसाच हा प्रकार.

व्हीएच१चा उपक्रम या मानाने अधिक विचारी होता. मानकरी मोजके, प्रत्येकाला पुरेसा वेळ, आणि ज्येष्ठांची गाणी नव्यांच्या तोंडी. पहिल्या वर्षी कूल हर्क आणि डीजे हॉलिवूड यांच्या बरोबरीने रॉक स्टेडी क्रू हा नर्तकगट आणि ग्राफिटीची चळवळ यांनाही मान दिला गेला. हिप-हॉप म्हणजे निव्वळ रॅप नव्हे, नाच, चित्र आणि टर्नटेबल हीही त्याची अंगे आहेत, याची जाण त्यात होती. डीजे हॉलिवूडची निवड तर धाडसाचीच. हार्लेमच्या डिस्को क्लबांत तो तालावर यमके म्हणत असे, आणि ब्राँक्सचे कट्टर अभिमानी त्याला परंपरेत धरायला खळखळ करतात. नंतरच्या वर्षांत सन्मानाचा ओघ मुख्यतः रॅपर आणि निर्मात्यांकडे वळला. विभक्त झालेल्या सॉल्ट-एन-पेपा २००५ मध्ये याच मंचावर पुन्हा एकत्र आल्या, तेव्हा अशा सोहळ्याने काय साधू शकते हे दिसले. २०१० नंतर खंडित झालेला हा उपक्रम २०१६ मध्ये फक्त स्त्रियांच्या गौरवासाठी परतला. मानकरी मिसी एलियट, क्वीन लतीफा, लिल किम आणि सॉल्ट-एन-पेपा. स्त्रियांसाठी वेगळी रात्र काढावी लागली, हे आधीच्या यादीवरचे भाष्यच होते.

गौरवाचा सर्वांत अवघड भाग गौरवमूर्तींच्या वागणुकीचा. २०२३च्याच ग्रॅमी सोहळ्यात डॉ. ड्रे याला त्याच्याच नावाचा पुरस्कार देण्यात आला. त्याने १९९१ मध्ये डी बार्न्स हिला मारहाण केली होती. ती ‘पंप इट अप!’ या हिप-हॉपविषयीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाची निवेदिका, म्हणजे या कलेला पडद्यावर जागा मिळवून देणाऱ्यांपैकी एक. ड्रेने २०१५ मध्ये आपण दुखावलेल्या स्त्रियांची जाहीर माफी मागितली. पुरस्काराला त्याचे नाव देण्यावर बार्न्सने उघड नापसंती व्यक्त केली. ब्राँक्सचा आद्य डीजे आफ्रिका बंबाटा याच्यावर २०१६ मध्ये अनेकांनी बालपणीच्या लैंगिक शोषणाचे आरोप केले आणि त्याने ते नाकारले. ज्याच्याविना सत्तरीच्या दशकातला ब्राँक्स सांगताच येत नाही, त्याचे काय करायचे? इतिहासाच्या पुस्तकात एक परिच्छेद वाढवून हा प्रश्न मांडता येतो. टाळ्यांच्या कार्यक्रमात तशी सोय नाही. तिथे नाव घ्यायचे किंवा गाळायचे, एवढेच हातात असते.

पैशाचा विषय तर अशा मंचावर निघतच नाही. डे ला सोलचे तीन दशकांपूर्वीचे अल्बम सॅम्पलांच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या तबकड्यांतून उचललेल्या तुकड्यांच्या, हक्कांच्या गुंत्यामुळे कित्येक वर्षे ऑनलाइन ऐकायलाच मिळत नव्हते. ते ३ मार्च २०२३ रोजी खुले झाले. गटातला ट्रुगॉय द डव्ह त्याआधी, १२ फेब्रुवारीला, म्हणजे ग्रॅमीनंतर आठवड्याभरात वारला. खुद्द कूल हर्क २०११ मध्ये आजारी पडला तेव्हा आरोग्यविम्याअभावी चाहत्यांना हाक द्यावी लागली. २०२३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला प्रवेश दिला. फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांना तोच मान २००७ मध्येच मिळाला होता. हर्कच्या नावावर तशी गाजलेली तबकडी नव्हती, हे या सोळा वर्षांच्या अंतराचे साधे कारण दिसते.

डिसेंबर २०२३ मध्ये सीबीएस वाहिनीने याच विषयावर दोन तासांचा स्वतंत्र कार्यक्रम दाखवला. वेळ आठपट झाला, गाणी पुरी व्हायला थोडी अधिक जागा मिळाली, विल स्मिथ, म्हणजेच फ्रेश प्रिन्स, आणि जॅझी जेफही एकत्र दिसले. पण घडण तीच राहिली, गाजलेल्या गाण्यांची आणि ओळखीच्या चेहऱ्यांची. ज्यांनी एकही तबकडी काढली नाही अशांचा माग लावायचा तर कॅमेरा दुसरीकडे न्यावा लागेल. कॉर्नेल विद्यापीठाच्या हिप-हॉप संग्रहात बडी एस्क्वायर या ब्राँक्सच्या कलाकाराने हाताने काढलेली पार्ट्यांची पत्रके जपली आहेत: तारीख, सभागृहाचा पत्ता, प्रवेशाचे दर, आणि खाली ओळीने डीजे व एमसींची नावे. त्यांतली कित्येक नावे कुठल्याच तबकडीवर सापडत नाहीत.