बाहुलीच्या पोलक्याची समीक्षा

मुंबईत कुणाला ‘चिंधी’ म्हटलं की विषय संपतो. चिंधी ऑफर, चिंधी माणूस, चिंधीगिरी. आमच्या ऑफिसात कुणी इकडचा तिकडचा कोड जोडून काम भागवलं तर त्यालाही हाच शब्द. नाहूरच्या आमच्या घरात मात्र चिंध्यांच्या पिशवीला विचारल्याशिवाय हात लावता येत नाही. आई घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीचे काही हप्ते त्या मशीनने भरलेत. उरलेल्या तुकड्यांतून ती बाहुलीचे कपडे शिवते. आधी माझ्या बाहुलीचे, आता भाचीच्या. हल्ली बिल्डिंगमधल्या मुलीही आपापल्या बाहुल्या घेऊन येतात. त्यांच्या आया तयार पोलकं हातात घेऊन ‘कित्ती गोड’ म्हणतात आणि पैसे सांगितले की म्हणतात, “काकू, एवढ्याशा कपड्याचे?”

हा ‘एवढासा’ काही फक्त त्या बायकांचा नाही. आपली गाणी, संग्रह, संग्रहालयं सगळी तेच म्हणत आली आहेत.

मराठीत चिंधीला एकदाच मोठा मान मिळाला, द्रौपदीच्या गोष्टीत. अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटातलं आशाबाईंनी गायलेलं गाणं तुम्ही ऐकलं असेल. कृष्णाचं बोट कापतं, सुभद्रेला आपली भारी वस्त्रं फाडवत नाहीत, द्रौपदी अंगावरचं भरजरी वस्त्र फाडून देते. गाणं थोरच आहे. पण मान कुणाला मिळतो ते पाहा. फाडलेल्या पितांबराला. शिवणाऱ्या बाईच्या पायाशी पडलेली साधी चिंधी त्या गोष्टीत नाहीच. सुभद्रेच्या घरात तशी एक पिशवी असती तर गोष्टच घडली नसती.

भातुकलीचंही तसंच. पाडगावकरांचं, अरुण दाते यांनी गायलेलं राजाराणीचं गाणं आपल्याला पाठ आहे. त्यात डाव आहे, ताटातूट आहे. बाहुला-बाहुलीच्या लग्नाच्या आठवणी तर मराठी लेखनात ढिगाने सापडतात. पण त्या लग्नातला शालू कुणी शिवला, कशातून, हे सांगणारी आठवण मी शोधत असते आणि क्वचितच मिळते. पुण्याच्या विलास करंदीकर यांच्यासारख्यांनी जमवलेले भातुकलीचे संग्रह पाहिले तरी डोळ्यांत भरतात ती तांब्या-पितळेची इवली भांडी. पितळ टिकतं. कापड विरतं, कसर खाते, शेवटी त्याचं पुसणं होतं. म्हणून आपल्याला बाहुलीचा स्वयंपाक दिसतो आणि तिची शिलाई दिसत नाही.

आता ही शिलाई काय असते ते सांगते. लोकांना वाटतं मोठा ब्लाउज लहान केला की झालं. बार्बी साडेअकरा इंचांची, म्हणजे माणसाच्या साधारण एक षष्ठांश. मापं सहाने भागता येतात, कापडाची जाडी भागता येत नाही. आपलं साधं कॉटन तिच्या अंगावर सहापट जाड पडतं. म्हणजे आपण गोधडीचा ब्लाउज घातल्यासारखं. शिवाय एवढ्या तुकड्याला वजन नसतं, त्यामुळे घेर खाली पडत नाही, पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. आई म्हणून परकर उरेब कापते. काठ दोनदा दुमडला तर दोरखंडासारखा दिसतो, म्हणून सरळ कापायचं असेल तेव्हा तुकडा असा धरते की कापडाची मूळ किनार बरोबर खालच्या काठावर यावी. माणसाच्या ब्लाउजला आधी कुशीची शिवण घालून मग बाही गोल बसवता येते. बाहुलीचा मुंडा रुपयाच्या नाण्याएवढा, त्यात मशीनचा पायच शिरत नाही. म्हणून बाही आधी सपाट जोडायची, मग बाही आणि कूस एका ओळीत शिवायची. बाहुलीचा हात कोपरात वाकत नाही, पंजा आडवा येतो, म्हणून पाठ वरपासून खालपर्यंत उघडी ठेवून टिचबटणं लावायची. एका पोलक्याला आईला ब्लाउजइतकाच वेळ लागतो. कधी जास्तच.

नऊवारीचा हिशोब तर मी स्वतः केला. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर, सहाने भागलं की १.३७ मीटर. इतकी लांब चिंधी असते कुठे? आणि असली तरी तेवढ्या निऱ्या त्या कमरेवर मावणार नाहीत, बाहुली पोटुशी दिसेल.

माझ्या क्षेत्रात ‘कटिंग स्टॉक प्रॉब्लेम’ म्हणून एक प्रश्न आहे: दिलेल्या पत्र्यातून किंवा कापडातून हवे ते आकार कमीत कमी वाया घालवून कसे कापायचे. लिओनिद कांतोरोविच या रशियन गणितज्ञाने १९३९ मध्ये प्लायवूड कारखान्याच्या कामातून या जातीच्या प्रश्नांवर मूलभूत काम केलं. १९७५ साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या गणितात जे ‘वाया’ म्हणून धरतात, तिथून आईचं काम सुरू होतं, आणि उलट्या दिशेने. आकार ठरलेला नसतो. तुकडा बघून ती ठरवते की याचं पोलकं होईल की नुसती चोळी.

दिल्लीचं शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियम व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये उभारलं. देशोदेशींच्या बाहुल्या, प्रांतोप्रांतीचे पोशाख, सगळं काचेमागे. काम देखणं आहे, पण तिथे पोशाख म्हणजे ओळखपत्र: नऊवारी आणि नथ, की झाला महाराष्ट्र. प्रदर्शनांत विकायला येणारी नऊवारी-फेट्याची जोडी त्याच विचारातून येते. एकदा उलटी करून बघा. बहुतेकदा कापड गोंदाने चिकटवलेलं असतं. जे काढता येत नाही ते कपडे नव्हेत, रंग आहे.

याच्या उलट एक उदाहरण पॅरिसचं. युद्धाने कापडाचा दुष्काळ पडला होता, तेव्हा मार्च १९४५ मध्ये तिथल्या नामांकित फॅशन घरांनी तारेच्या, सुमारे ७० सेंटिमीटर उंचीच्या दोनशेहून जास्त बाहुल्यांना कपडे शिवून ‘तेआत्र द ला मोद’ हे प्रदर्शन भरवलं. बटणं खरोखर लागत होती. आज त्या बाहुल्या अमेरिकेतल्या मेरीहिल संग्रहालयात आहेत. कापड अपुरं म्हणून बाहुली, हे तर्कशास्त्र आईचंच. फरक इतकाच, की तिथे कुणी ‘एवढ्याशा कपड्याचे?’ विचारलं नाही.

मुलींना सुई-दोरा का दिला जायचा हे मला माहीत आहे. संसाराची फुकट तालीम होती ती. रोलां बार्थने १९५७ मध्ये ‘मिथॉलॉजीज’मध्ये हेच लिहिलं: खेळणी मुलांना मोठ्यांच्या जगासाठी आधीच तयार करतात, आणि मूल वापरणारं होतं, घडवणारं होत नाही. पहिला भाग मला पटतो. दुसरा चिंध्यांच्या पिशवीपाशी अडतो. कारण भाची हल्ली आईने शिवलेलं पोलकं नाकारते, स्वतःच तुकडा निवडते, आणि बाहुलीला एकच बाही ठेवते. दुसरी बसवायला कंटाळा येतो म्हणून. आई ते उसवत नाही. भावाचा मुलगा परवा त्याच्या स्पायडरमॅनचं माप घेऊन आला. त्याला खणाचं जॅकेट हवंय. खणाची बुट्टी त्या छातीवर अर्धीच येते, ती मधोमध आणायची कशी यावर दोघांचं अजून ठरलेलं नाही.