कुमारवाङ्मयातली भीती

आमच्या कुमारवाङ्मयाला भीतीचे वावडे नाही. वावडे आहे ते ताटकळण्याचे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे संकटात सापडला की त्याच्या पायांना वेग येतो, डोके चालू लागते आणि त्याचा ‘ट्टॉक्’ ऐकू आला की वाचणाऱ्या पोराचाही जीव भांड्यात पडतो. भागवतांचे हे ऋण मी आनंदाने मानतो. परंतु ज्या पोराला करण्यासारखे काही उरलेलेच नाही, त्याचे काय? (फराळाच्या ताटाशेजारी हा विषय काढल्याबद्दल वाचक क्षमा करतील.)

पुलगावचेच पाहा. वर्धा जिल्ह्यातल्या या गावाशेजारी लष्कराचे मोठे दारूगोळा भांडार आहे. 31 मे 2016 रोजी मध्यरात्रीनंतर तेथे आग लागून स्फोट झाले, जवान आणि आग विझवणारे कर्मचारी प्राणास मुकले, आणि भोवतालच्या खेड्यांतली माणसे मुलाबाळांसह रातोरात घराबाहेर पडली. त्या भीतीला निदान आवाज होता. तिच्यापासून पळता येत होते. मार्च 2020 मध्ये करोनामुळे राज्यातल्या शाळांना कुलपे लागली, तेव्हा मात्र पळायचे नव्हते, बसून राहायचे होते. दहावीच्या मुलांचा 23 मार्चचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता. तो आधी पुढे ढकलला गेला, मग रद्दच झाला. मधल्या दिवसांत पुस्तक मिटावे की उघडे ठेवावे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगता येत नव्हते. बाहेर मरणाच्या वार्ता आणि आत पोरगा नकाशात नद्या भरतो आहे! मला वाटते, गोष्ट इथे आहे.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (2004) या वाटेने बरीच पुढे गेली आहे. ती आणीबाणीच्या काळात घडते. पण नववीतल्या जोशीला आणीबाणीपेक्षा शिरोडकर मोठी, आणि तेच खरे. मोठ्यांची कुजबूज त्याच्या कानांवर पडते, अर्थ पुरता लागत नाही; बोकील तो लावूनही देत नाहीत. हा संयम थोडा नव्हे. तरीही जोशीजवळ सुऱ्या, चित्रे, फावड्या आहेत. ही चौकडी फोडून चौघांना चार घरांत कोंडले, तर त्यांची भाषाच सुकेल. त्या सुकलेल्या भाषेत लिहिणे फार अवघड आहे. कुणी मोठ्याने ते लिहू गेल्यास त्यात उपदेश शिरेल, अशी मला धास्ती वाटते. त्यापेक्षा पुलगावच्या एखाद्या मुलीनेच लिहावे. आणि गोष्ट गोड व्हावी म्हणून शेवटी भूगोलाचा पेपर मात्र घेऊ नये.