सव्वीस हाडांचे पाऊल : सुश्रुतोक्त पादास्थिगणनेची चिकित्सा

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील पाचव्या अध्यायात अस्थींची एकूण संख्या तीनशे सांगितली आहे. त्यांपैकी एकशेवीस चार शाखांमध्ये, एकशेसतरा मध्यशरीरात आणि त्रेसष्ट मानेच्या वरच्या भागात, अशी विभागणी आहे. एका सक्थीची, म्हणजे एका पायाची, तीस हाडे येणेप्रमाणे : प्रत्येक पादांगुलीत तीन याप्रमाणे पंधरा, तल, कूर्च आणि गुल्फ यांच्या आश्रयाने दहा, पार्ष्णीत एक, जंघेत दोन, जानूत एक आणि ऊरूत एक. जंघा, जानू व ऊरू यांची चार हाडे वगळली, तर पावलापुरती बेरीज पंधरा, दहा आणि एक मिळून सव्वीस होते. आधुनिक शरीररचनाशास्त्रही एका पावलात सव्वीसच हाडे मोजते.

हा मेळ इतका आकर्षक आहे की त्याच्यापाशी थांबण्याचा मोह कोणासही व्हावा. एकूण आकडा तीनशे विरुद्ध दोनशे सहा असा विसंवादी असताना एका अवयवापुरता तो तंतोतंत जुळतो, ही बाब वर्गात सांगण्याजोगी वाटते. परंतु बेरीज जुळणे आणि ज्ञान जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गणनेच्या पोटात शिरल्यावर काय दिसते, हा खरा प्रश्न आहे.

आधुनिक गणना अशी आहे : बोटांची हाडे चौदा, कारण अंगठ्यास दोन व उरलेल्या चार बोटांस प्रत्येकी तीन, तळपायाची लांब हाडे, म्हणजे मेटाटार्सल, पाच, आणि घोट्याखालील टार्सल हाडे सात. या सातांमध्ये टाचेचे हाड कॅल्केनियस, त्यावर बसलेले टेलस, पुढचे नावेच्या आकाराचे नॅव्हिक्युलर, बाहेरच्या बाजूचे क्युबॉइड आणि पाचरीसारखी तीन क्युनिफॉर्म हाडे येतात. म्हणजे सुश्रुताची बोटांची हाडे एकाने जास्त आणि टाच वगळता मागच्या भागाची हाडे एकाने कमी आहेत. दोन चुका परस्परांना खोडतात आणि बेरीज बरोबर येते. गणिताच्या उत्तरपत्रिकेत असे घडले असते तर परीक्षकाने पूर्ण गुण दिले नसते.

मात्र येथे सुश्रुताच्या बाजूने एक तोडगा सुचू शकतो आणि तो वरवरचा नाही. अंगठ्याच्या मागचे पहिले मेटाटार्सल हाड इतर चारांहून वेगळे आहे. वाढीच्या वयात त्याचे टोककेंद्र पुढच्या टोकाशी नसून मागच्या बुडाशी असते, आणि हे लक्षण बोटांच्या हाडांचे आहे. हाताच्या अंगठ्याचीही स्थिती तीच. ग्रीक वैद्य गॅलेन याने हाताच्या अंगठ्यास तीन हाडे मानून तळहातात चारच लांब हाडे मोजली होती. हीच दृष्टी सुश्रुताला लावली तर अंगठ्याची तीन धरून बोटांची पंधरा हाडे होतात, उरलेली मेटाटार्सल चार आणि कॅल्केनियसखेरीज टार्सल सहा मिळून दहा, पार्ष्णी एक. प्रत्येक रकाना जुळतो. एवढा नीटस अर्थ हाती आल्यावर तो सोडवत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण तो टिकतो का, हे पाहणेही तितकेच आवश्यक आहे.

पहिली कसोटी हाताची. सुश्रुत पायाची गणना सांगून दुसरा पाय व दोन्ही बाहू यांनाही तीच लागू करतो. त्यानुसार हातातही सव्वीस हाडे येतात, आणि हाताला टाचेशी समांतर असे एक हाड द्यावे लागते. प्रत्यक्षात हातात सत्तावीस हाडे आहेत : मनगटाची आठ, तळहाताची पाच, बोटांची चौदा. गॅलेनच्या रीतीने मोजले तरी पंधरा, चार आणि आठ, म्हणजे सत्तावीसच. येथे कोणी म्हणेल की मनगटातील वाटाण्याएवढे पिसिफॉर्म हे हाड वस्तुतः स्नायुरज्जूत तयार होणारे हाड आहे, ते वगळावे. ते वगळले तर सव्वीस येतात हे खरे. पण मग कोपराच्या ठिकाणी गुडघ्याच्या वाटीसारखे स्वतंत्र हाड कोठून आणावयाचे? सोयीचे हाड ठेवणे व गैरसोयीचे वगळणे ही पद्धत एकदा स्वीकारली की कोणताही ग्रंथ कोणत्याही आकड्याशी जुळवता येतो. जी व्याख्या चुकूच शकत नाही, तिच्याकडून काही शिकताही येत नाही.

दुसरी कसोटी अधिक निर्णायक आहे, कारण ती त्याच अध्यायातून येते. अस्थींनंतर सुश्रुत संधी मोजतो. प्रत्येक पादांगुलीत तीन, पण अंगठ्यात दोन, असे चौदा. शिवाय जानू, गुल्फ व वंक्षण येथे एकेक. एका पायात एकूण सतरा. चार बोटांना तीन हाडे व तीन संधी असतील, तर प्रत्येक हाडाच्या बुडाशी एक संधी असा हिशेब आहे. त्याच हिशेबाने दोन संधींच्या अंगठ्यात दोनच हाडे हवीत. म्हणजे संधी मोजणाऱ्या नजरेला अंगठा वेगळा असल्याचे दिसले होते. अस्थी मोजणाऱ्या नजरेने मात्र पाच बोटांना तीन-तीन हाडे सरसकट वाटली. पहिले मेटाटार्सल अंगठ्यात धरले होते, हा तोडगा येथे अडतो. कारण तसे असते तर त्या हाडाच्या बुडाचा तिसरा संधीही गणनेत यावयास हवा होता. चरकसंहितेत हातापायांच्या बोटांची हाडे साठ आणि शलाका वीस आहेत. म्हणजे प्रत्येक अंगठ्याला तीन हाडे देऊन वर पाचवी शलाकाही स्वतंत्र मोजली आहे. तीन-तीनची ही वाटणी परंपरेने चालत आलेली होती आणि प्रत्यक्ष पाहणीनेही ती ढळली नाही, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

पंधरांच्या रकान्यापेक्षा दहांचा रकाना अधिक उद्बोधक आहे. तल, कूर्च व गुल्फ यांना मिळून दहा हाडे दिली आहेत. कोणाला किती, हे मूळ वाक्य सांगत नाही. चरकाच्या यादीचा आधार घेतला तर एका पावलात पाच शलाका, शलाकांचे एक अधिष्ठान आणि दोन गुल्फ मिळून आठ होतात. उरलेली दोन कूर्चाकडे जातात. येथे चरकाने पायांतील गुल्फ चार सांगितले आहेत, याकडे लक्ष द्यावयास हवे. एका पायाला दोन गुल्फ म्हणजे आतला व बाहेरचा असे घोट्याचे दोन उंचवटे. अमरकोशातही गुल्फ आणि घुटिका हे शब्द जोडीने, द्विवचनी येतात; मराठी ‘घोटा’ त्याच कुळातला. हे उंचवटे हाताला लागतात, डोळ्यांना दिसतात. पण प्रौढ माणसात ती स्वतंत्र हाडे नाहीत. आतला नडगीच्या हाडाचे खालचे टोक आहे, बाहेरचा शेजारच्या बारीक हाडाचे. म्हणजे जंघेत एकदा मोजलेल्या हाडांची टोके पावलात पुन्हा मोजली गेली असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर सव्वीसांतील दोन हाडे पावलाची नव्हेतच.

या दोन उंचवट्यांमध्ये दडलेले टेलस मात्र यादीत कोठेही नावाने येत नाही. घोट्याच्या हालचालीचे मर्म याच हाडात आहे. देहाचा सगळा भार नडगीवरून टेलसवर उतरतो. तेथून मागे टाचेकडे व पुढे नॅव्हिक्युलरकडे वाटला जातो. एवढे भारवाही असूनही त्याला एकही मांसपेशी चिकटलेली नाही. ते शेजारच्या हाडांच्या व बंधांच्या ओढीने हलते. त्याचा वरचा पृष्ठभाग पुढे रुंद व मागे अरुंद आहे. पाऊल वर उचलले की रुंद भाग दोन घोट्यांच्या खाचेत पाचरीसारखा बसतो आणि सांधा घट्ट होतो. चवडा खाली गेला की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैलावतो. उतारावर किंवा जिना उतरताना पाय मुरगळतो, त्यामागे हेही एक कारण आहे. टेलसच्या खाली, टाचेशी असलेला सांधा पाऊल आत-बाहेर वळवतो. शेताच्या बांधावरून चालणाऱ्याचा तोल त्याच्यावर अवलंबून असतो. पिंडरीचा ताण टाचेच्या हाडाच्या मागच्या टोकाला मिळतो आणि ते हाड तरफेसारखे देह उचलते.

टेलस का सुटले असावे? त्याच अध्यायात शवशोधनाची रीत दिलेली आहे. विषाने न मेलेल्या, दीर्घ व्याधीने न झिजलेल्या, अतिवृद्ध नसलेल्या माणसाचे शव आतडी स्वच्छ करून मुंज, वल्कल, कुश किंवा ताग यांनी गुंडाळावे, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात एकांत जागी ठेवावे आणि सात रात्रींनंतर वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचे अवयव डोळ्यांनी पाहावेत. पाहिलेले व शास्त्रात वाचलेले यांचा मेळ घालण्याचा हा आग्रह प्राचीन वैद्यकात अपूर्वच म्हणावा लागेल. पण ही रीत कापण्याची नसून कुजवण्याची आहे. मांस लवकर सुटते. तळपायाचे चिवट बंध मागे राहतात. त्यामुळे बोटांचे संधी उघडे पडले आणि वेगळे मोजता आले; मागची लहान हाडे मात्र एका जुडग्यासारखी बांधलेलीच राहिली असावीत. सुश्रुताच्या संधिगणनेत टार्सल हाडांच्या आपसांतील एकाही सांध्याला जागा नाही, हे या तर्काशी जुळते. ‘कूर्च’ या शब्दाचा अर्थही जुडगा, कुंचला असाच आहे.

ए. एफ. रुडॉल्फ हर्न्ले यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भारतीय अस्थिविद्येचा पहिला सखोल अभ्यास मांडला. चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या याद्या शेजारी ठेवून त्यांनी पाठभेद तपासले, प्राचीनांच्या अचूकतेचा मोकळेपणाने गौरव केला. त्यांचे ऋण अमान्य करता येणार नाही. परंतु त्यांच्या पद्धतीत एक चक्र आहे. उपलब्ध पाठ भ्रष्ट मानावयाचा, देहरचनेशी अधिक जुळणारा पाठ मूळचा समजून पुनर्रचना करावयाची, आणि मग त्या पुनर्रचित पाठाच्या अचूकतेबद्दल आश्चर्य व्यक्त करावयाचे, अशी ही वाट आहे. आजही सव्वीसाचा मेळ दाखवणारा याच वाटेने जातो. फरक इतकाच की हर्न्ले यांनी निदान पाठभेद समोर ठेवले होते.

अस्थींच्या यादीत सुश्रुताचे मोठेपण शोधणे हीच मुळात दिशाभूल आहे. यादी हाडांचे कार्य सांगत नाही. कार्य दिसते ते इतरत्र. संधींच्या आठ प्रकारांत गुल्फसंधी ‘कोर’ प्रकारात, बोटे, मनगट, गुडघा व कोपर यांच्या सोबत घातला आहे. मिटणे-उघडणे ही घोट्याची मुख्य हालचाल आहे, ही ओळख त्यात आहे. पुढच्या अध्यायातील एकशेसात मर्मांपैकी पावलाच्या मर्मांची लक्षणे तर रुग्ण पाहिल्याखेरीज लिहिता येणार नाहीत. कूर्चमर्मावर आघात झाला तर पाऊल फिरते व कापते. गुल्फमर्मावर झाला तर वेदना, पाय ताठरणे किंवा लंगडेपण येते. कूर्च हे सुश्रुताने स्नायुमर्म मानले आहे. येथे मराठी वाचकाने सावध राहिले पाहिजे : आजच्या मराठीत स्नायू म्हणजे मांसपेशी, सुश्रुताच्या भाषेत मात्र स्नायू म्हणजे बांधणारा तंतू, बंध. हा भेद विसरल्याने कित्येक चांगल्या वाक्यांचा अर्थ हरवतो.

असेच एक वाक्य अस्थिगणनेच्या त्याच अध्यायात, स्नायूंच्या प्रकरणात आहे. फळ्यांची नाव अनेक बंधांनी नीट बांधलेली असली म्हणजे पाण्यात भार सोसते; तसेच मनुष्यदेहातील संधी अनेक स्नायूंनी बांधलेले असल्याने भार सोसतात, असा त्याचा आशय आहे. पावलाच्या संदर्भात हा दृष्टांत विलक्षण लागू पडतो. आधुनिक पाठ्यपुस्तकांनी दीर्घकाळ पावलाला दगडी कमान मानले आणि तिच्यात मधला दगडही शोधला. दगडी कमानीचे दगड एकमेकांवर रेलून राहतात. पावलाची हाडे मात्र मुख्यतः खालच्या बंधांच्या ताणाने सावरलेली असतात. १९५४ मध्ये हिक्स यांनी दाखवले की अंगठा वर वळला की टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला तळव्याचा पट्टा चक्रावर दोर गुंडाळावा तसा ओढला जातो आणि पाऊल उंचावते. १९८७ मध्ये केर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या पावलांवर भार देऊन ही कमान धावताना स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते व परत देते, हे मोजून दाखवले. २०२० मध्ये वेंकटेशन, मांद्रे आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात आडव्या कमानीकडे लक्ष वेधले : पावलाच्या लांबीतील ताठरपणापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक तिच्यामुळे येतो. सपाट पत्रा वाकतो, पन्हळी पत्रा वाकत नाही, असेच ते आहे. मात्र हा आडवा बाक हाडे बंधांनी परस्परांशी जखडलेली असतील तरच कामी येतो.

नावेचा दृष्टांत देणाऱ्याला आडव्या कमानीची कल्पना होती, असे यावरून म्हणता येणार नाही. तसे म्हणणे म्हणजे सव्वीसाचीच चूक पुन्हा करणे होय. त्याने सगळ्या देहाच्या संधींबद्दल एक सामान्य विधान केले, आणि पावलाचे नाव तेथे नाही. पण हाडे मोजून न कळणारी गोष्ट बांधणीकडे पाहिल्याने कळते, एवढे त्याला दिसले होते. म्हणून अस्थींहून स्नायूंचे रक्षण अधिक महत्त्वाचे, असे त्याच प्रकरणात तो वैद्याला बजावतो : हाडे, पेशी, सिरा वा संधी यांना झालेली इजा स्नायूंच्या इजेइतकी देहाचा घात करीत नाही. पाय मुरगळल्यावर क्ष-किरण चित्रात हाड शाबूत दिसले म्हणून घरी पाठवलेल्या आणि महिनोन्महिने लंगडणाऱ्या रुग्णाला या विधानाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.