‘असूनही’ या शब्दाची अडचण

शाहीर अमर शेख यांच्याविषयीच्या बोलण्या-लिहिण्यात एक शब्द वारंवार डोकावतो : ‘असूनही’. मुसलमान असूनही ते संयुक्त महाराष्ट्रासाठी गायले, असे कौतुकाने सांगितले जाते. याच शब्दाची दुसरी बाजू आपल्या घरात आहे. आपल्यातले असूनही त्यांनी आपले प्रश्न फारसे मांडले नाहीत, अशी कुरकुर आपण करतो. कौतुक आणि कुरकुर, दोन्ही कवीकडे दाखलाच मागतात.

मुस्लिम मराठी समीक्षेने हा शब्द आता तपासायला हवा.

1916 साली बार्शीतल्या एका गरीब घरात मेहबूब हुसेन पटेल जन्मला. लोकगीतांचा वारसा त्याला आई मुनेरबीकडून मिळाला. म्हणजे मराठी त्याच्याकडे शाळेच्या किंवा चळवळीच्या दारातून आली नाही. ती घरातच होती. पुढे गाडीवरचा क्लीनर, गिरणीतला कामगार, संप, तुरुंग असे आयुष्य गेले. 1944 साली अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. हे तिघे कष्टकऱ्यांच्या एकाच फडावर उभे राहिले. तिथे आपलेपणा कुणी कुणाला बहाल केला नाही. तो घामातून आणि आवाजातून आला. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे संग्रह याच मातीवर हक्क सांगतात, विनंती करीत नाहीत.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. चळवळ सगळ्यांना एका फडावर आणते. पण फड उठल्यावर माणूस घरी जातो आणि तिथे त्याचे जुने प्रश्न त्याची वाट पाहत असतात. त्यांची मुलगी मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन 1984 साली आले. शाहिराची मुलगी आणि चळवळीतल्या कवीची पत्नी असूनही स्वतःच्याच घरात परके होणे काय असते, ते या पुस्तकात आहे. इथला ‘असूनही’ मात्र तिला वापरावाच लागतो, कारण तो तिच्या भोगण्यातून आला आहे.

शेवटी नावाविषयी. ‘पटेल’ हे आडनाव महाराष्ट्रात हिंदूंचेही असते, मुसलमानांचेही. त्यामागे ओळख झाकता आली असती. पण ज्या नावाने हा माणूस आयुष्यभर गायला, त्यात ‘अमर’च्या शेजारी ‘शेख’ उघडपणे उभा आहे. या दोन शब्दांच्या मध्ये ‘असूनही’ नाही. 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरात, म्हणजे या शाहिराच्याच जिल्ह्यात भरले. ‘आम्ही मराठी आहोत’ हे आपण तिथे जाहीरपणे सांगितले. मुनेरबीच्या घरात ते सांगावेच लागले नव्हते.