अनुपस्थितीची रचना : पिंक फ्लॉइडचा ‘विश यू वेअर हिअर’

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या १९७५ मधील या ध्वनिसंग्रहाचे प्रेरणास्थान म्हणजे १९६८ मध्ये दुरावलेला संस्थापक-सदस्य सिड बॅरेट. मात्र येथील शोक शब्दांपेक्षा रचनेत अधिक आहे. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ या नऊ भागांच्या रचनेत गायन आठ मिनिटांनंतर सुरू होते. तोवर गिटारचे चार स्वर रिकामी जागाच ऐकवतात. ही रचना दुभंगून संग्रहाच्या आरंभी व अखेरीस ठेवली आहे. मधल्या दोन गीतांत संगीतव्यवसायाचे निष्ठुर रूप येते. त्यामुळे व्यक्तिगत विरहाला सामाजिक संदर्भ लाभतो. तथापि ‘हॅव अ सिगार’मधील व्यावसायिकाचा आवाज रॉय हार्पर या बाहेरच्या गायकाचा आहे. हेतू काहीही असो, दोष परक्या मुखी गेल्याने वाद्यवृंदाच्या स्वतःच्या सहभागाचा प्रश्न अनुत्तरित राहतो. हीच या श्रेष्ठ कृतीची मर्यादा होय.