दहाच्या मोजणीत नसलेली रेचल

सिनेगॉगमध्ये सामुदायिक प्रार्थना करायची तर परंपरेनुसार किमान दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. या दहांना मिनयान म्हणतात. एस्थर डेव्हिड यांची ‘बुक ऑफ रेचल’ दुसऱ्यांदा वाचताना हा दहाचा आकडा माझ्या डोक्यातून जाईना. कारण अलिबागजवळच्या दांडा गावातलं सिनेगॉग या कादंबरीत एकटी सांभाळणारी माणूस एक विधवा बाई आहे. मुलं इस्राएलला गेली, शेजारपाजारचे बेने इस्राएलही गेले. रेचल मागे राहिली. ती झाडलोट करते, दार उघडते, देखभाल करते. पण उद्या कुणी दहा मोजायला बसलं, तर त्यात तिची गणती होणार नाही.

२००६ साली आलेल्या या इंग्रजी कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गोष्ट साधी आहे. समुद्राकाठची जागा, बिल्डरला ती विकू पाहणारी मंडळी आणि आडवी उभी राहिलेली रेचल.

तिचं आडवं उभं राहणं कळायला थोडं मागे जावं लागतं. बेने इस्राएल समाजाची परंपरागत कथा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. कोकणात ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गावांवरून आडनावं पडली: पेणकर, दिवेकर, किहीमकर. मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन अबोथ १८४८ चं. आणि बोलताना हे लोक सिनेगॉगला म्हणायचे ‘मशीद’. हा शब्द मला फार आवडतो. शेजाऱ्याचा शब्द उसना घेताना आपला धर्म बाटेल, अशी भीती त्यात कुठेच नाही.

कादंबरीची सगळ्यात मोठी ताकद तिच्या स्वयंपाकघरात आहे. प्रकरणांची सुरुवात पाककृतीने होते. आधी मला ही युक्ती वाटली होती. आता वाटतं, ते रेचलचं दफ्तर आहे. यहुदी नियमानुसार मांसाबरोबर दूध चालत नाही. कोकणातल्या बायकांनी त्यावर नारळाचं दूध शोधलं. नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा होतो, तोही नारळाच्या दुधात. एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. धर्मग्रंथ आणि कोकणची जमीन यांचा समझोता पिढ्यानपिढ्या या पातेल्यांत होत आला आणि तो करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. प्रार्थनेच्या मोजणीत नसलेल्यांनीच समाज टिकवला, हे एस्थर डेव्हिड भाषण न देता दाखवतात.

तक्रारी मात्र दोन आहेत.

पहिली, खलनायकाची. जमीन विकू पाहणारे लोक वाईट आहेत, हे लगेच कळतं. रेचलच्या मदतीला एक तरुण वकील येतो, मुलीच्या लग्नाचा धागाही गुंफला जातो आणि कथा सोयीच्या वळणाला लागते. पण सिनेगॉग रिकामं बिल्डरने केलेलं नाही. ते गेलेल्या माणसांनी रिकामं झालं, आणि जाणाऱ्यांची कारणं खरी होती. १९४८ नंतर नव्या देशाची ओढ होती, चांगल्या आयुष्याची आशा होती. तिथे पोचल्यावर मात्र धर्मगुरूंनी त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली. त्याविरुद्ध आंदोलनं झाली आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेला ते पूर्ण यहुदी असल्याचं जाहीर करावं लागलं. ज्या देशासाठी गाव सोडलं त्याने ओळखपत्र मागावं, हे दुःख बिल्डरशी झालेल्या भांडणापेक्षा खोल आहे. कादंबरीत त्याची धग मला पुरेशी जाणवली नाही.

दुसरी तक्रार भाषेची, आणि ती अर्धी माझ्यावरच आहे. रेचल मनातल्या मनात मराठीतच बोलत असणार, पण मला भेटते इंग्रजीत. लेखिका अहमदाबादच्या, त्यांची भाषा इंग्रजी, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. प्रश्न आपला आहे. या समाजाने १८४६ मध्ये मुंबईत पासओव्हरच्या सणाचा हग्गादा मराठीत छापला. बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली. इस्राएलमध्ये जाऊनही ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. त्यांनी मराठी सोडली नाही. आपण मात्र मराठी साहित्याचा इतिहास शिकताना त्यांचं नावही ऐकत नाही. शाळेत मी ऐकलं नव्हतं.

म्हणून ‘हरवलेलं सिनेगॉग’ या शब्दांबद्दल मी आता जरा सावध असतो. भिंती पडण्याआधीच ती जागा शेजाऱ्यांच्या आठवणीतून जाते. ‘ते गेले बिचारे’ असं हळहळून म्हणणं सोपं आहे, कारण त्यात आपल्याला काही करावं लागत नाही. रेचल हळहळत बसत नाही. ती झाडू हातात घेते.

पुढच्या वेळी अलिबागला गेलात तर किल्ल्याचे फोटो काढून झाल्यावर इस्राएल आळीतून एक चक्कर मारा. दारावरची अक्षरं हिब्रू असतील. पण आत ज्यांनी प्रार्थना केली ते घरी येऊन मराठीत भांडत होते, आणि त्यांच्या भांडणांवर, कीर्तनांवर, पातेल्यांवर आपलाही थोडा हक्क आहे. जबाबदारी त्याहून जास्त.